नांदेडात गरम सीट

मे महिन्यात नांदेडात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कुणी सरळ जाऊन बसत नाही. आधी चारी दारं उघडायची, सीटवर टॉवेल टाकायचा, मग बेतानं टेकायचं. अशा गावात गेली आठ-नऊ वर्षं मी गाड्यांच्या सीटा गरम करायचं काम करतो. नवीन माणसाला हे सांगितलं की तो एकदा माझ्याकडं बघतो, एकदा बाहेरच्या उन्हाकडं बघतो आणि मग विचारतो, "चालतंय का हे इथं?"

चालतंय. बारा महिने नाही, पण दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत चालतंय. मराठवाड्यात थंडी नसते असं बाहेरच्यांना वाटतं. त्यांनी पौषात पहाटे पाचला लातूर रोडला गाडी काढून बघावी. शिवाय माझं गिऱ्हाईक थंडीचं नाहीच. ते कमरेचं आहे, मणक्याचं आहे, गुडघ्याचं आहे. आपले रस्ते असे आहेत तोवर मला काम कमी पडायचं नाही.

मी मूळचा लातूर जिल्ह्यातला, मुरुडचा. लातुरात सेल्फ आणि डायनामो दुरुस्त करत हात बसला, लग्नानंतर नांदेडला आलो आणि इथलाच झालो. दुकानाचे दोन भाग आहेत. एका भागात मी, वायरिंगचं बघतो. दुसऱ्या भागात माझी बायको सुनंदा, शिलाई मशीन घेऊन. गाड्यांची सीट कव्हरं तीच कापते आणि तीच शिवते. गरम सीटचं काम आम्हाला जमलं ते यामुळंच. या कामात वायर ओढणं सोपं असतं, सीटचं कातडं न फाडता काढणं आणि पहिल्यासारखं चढवणं अवघड असतं. नांदेडात वायरमन पुष्कळ आहेत, शिवणारे पुष्कळ आहेत. एका घरात दोन्ही, असे आम्हीच.

पहिली सीट आमच्याकडं आली ती लातूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांची. त्यांना मी गुरुजीच म्हणायचो. सकाळी उठल्यावर त्यांची पाठ दोन-दोन तास लाकडासारखी राहायची. परदेशातल्या मुलानं एक पुडकं पाठवलं होतं. त्यात काळ्या कापडाचे चार तुकडे, वायरींचा गुंता आणि एक बटण. लातुरात तीन दुकानदारांनी हात लावला नाही. नांदेडला लेकीकडं आले होते, म्हणून माझ्याकडं आले. पुडकं माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "तुम्हाला येतं का, ते विचारत नाही. शिकाल का, ते सांगा." मास्तरांना नाही म्हणायची सवय आपल्याला नसते. मी हो म्हणालो.

आता हे काय असतं ते सांगतो. ज्याला गाडीतलं काही कळत नाही त्यालाही कळेल असं आहे. त्या काळ्या कापडात कार्बनचे बारीक धागे असतात. त्यातून बॅटरीचा करंट गेला की ते तापतात, घरातल्या इस्त्रीसारखे, पण फार सौम्य. सीटचं कव्हर काढायचं, आतल्या फोमवर हे कापड चिकटवायचं, वर पुन्हा कव्हर चढवायचं. एक तुकडा बसायच्या जागेला, एक पाठीला. बटण समोर लावायचं. गाडी चालू असेल तेव्हाच करंट मिळावा, बंद केली की तुटावा, अशी जोडणी करायची, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली सापडते. कापड कधीही दुमडू द्यायचं नाही. घडी पडली की तिथं दोन थर एकावर एक येतात आणि तेवढी जागा दुप्पट तापते. ही शेवटची गोष्ट गुरुजींच्या पुडक्यातल्या कागदावर लाल अक्षरात छापलेली होती. सुनंदानं तो कागद मशीनच्या वर भिंतीला चिकटवून ठेवला.

गुरुजींची सीट करायला आम्हाला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी त्यांनी लातूरपर्यंत गाडी नेली आणि घरी पोचल्यावर फोन केला. "गाडीतून उतरलो आणि सरळ उभा राहिलो," एवढंच म्हणाले. त्यांच्या ओळखीतनं पुढं कितीतरी गिऱ्हाईक आलं.

दुसरी आठवण बालाजीची. तो देगलूरचा, नांदेडहून हैदराबादच्या दवाखान्यात पेशंट ने-आण करायचा. मला अन्ना म्हणायचा. त्याची गाडी नवी होती आणि नव्या गाड्यांत सीटच्या कुशीतसुद्धा एअरबॅग असते. सीटखाली तिचा पिवळा प्लग असतो. त्याला हात लावायच्या आधी बॅटरी सोडायची, थोडा वेळ थांबायचं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी प्लग काढला आणि नव्या बटणाचा दिवा लागतो का बघायला चावी फिरवली. समोर एअरबॅगचा लाल दिवा लागला तो विझेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पेशंट घेऊन निघायचं होतं. मी स्वतः गाडी घेऊन वर्कशॉपला गेलो. तिथल्या पोरसवदा इंजिनिअरनं कॉम्प्युटर लावून दिवा घालवला आणि मला चांगला अर्धा तास सुनावलं. मी मान खाली घालून ऐकलं, कारण तो खरं बोलत होता. नंतर त्यालाच विचारून एका वहीत सगळं लिहून घेतलं.

बालाजीनं मात्र मनात काही ठेवलं नाही. महिनाभरानं हसत हसत आला. हैदराबादहून ऑपरेशन करून परतणाऱ्या एका म्हातारीला त्यानं मागच्या सीटवर बसवलं होतं. तीही सीट आम्ही गरम केलेली. बराच वेळ गेल्यावर म्हातारीनं हळूच विचारलं, "पोरा, माझी पाठ कोण शेकून राहिलंय?" मागं बघितलं तर कुणी नव्हतं म्हणे, म्हणून घाबरली होती.

असं सगळं बरं चाललं होतं. आता जे सांगायचं आहे त्यात असं बरं काही नाही. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना मी हे लिहून वाचून दाखवलं आहे. नाव बदला, बाकी काही बदलू नका, असं त्या म्हणाल्या. म्हणून त्यांना वैशालीताई म्हणतो.

नोव्हेंबर संपत आला होता. दुकानासमोर एक पांढरी गाडी येऊन थांबली आणि हॉर्न वाजला. उतरायचं नाही, हॉर्न वाजवायचा, अशी गिऱ्हाइकं मला आवडत नाहीत. मी मुद्दाम दोन मिनिटं लावून गेलो. खिडकीत चाळिशीच्या आतल्या एक बाई होत्या. मागच्या सीटवर घडी केलेली व्हीलचेअर होती. स्टिअरिंगच्या डाव्या हाताला एक लोखंडी दांडा होता. तो ढकलला की ब्रेक लागायचा, ओढला की गाडी पळायची. गिअर आपोआप पडणारे. पायाचं काहीच काम नाही. मला स्वतःची लाज वाटली.

त्या नायगावकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि आईसोबत नांदेडला राहायच्या. पंधरा वर्षांपूर्वी जीप उलटून मणक्याला मार बसला, तेव्हापासून कमरेखाली ताकद नाही. ही गाडी पुण्याहून तशी करून आणली होती आणि रोज एकट्याच जाऊन-येऊन करायच्या. थंडीत त्यांचे पाय ताठ व्हायचे, आपोआप झटके द्यायचे. चालत्या गाडीत पाय उडून दांड्याला लागला तर काय, ही भीती. डॉक्टरांनी पाय उबदार ठेवा सांगितलं होतं. कुणीतरी माझं नाव सांगितलं.

खरं सांगतो, मला फुशारकी वाटली. असं काम मराठवाड्यात कुणी केलं नसेल, असं मनात आलं. सुनंदा त्या आठवड्यात मुरुडला माझ्या पुतणीच्या लग्नाला आधीच गेली होती. मी तिच्यासाठी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. कव्हर मीच काढलं, मीच चढवलं.

काम केलं तो शाळेच्या सुट्टीचा दिवस होता. ताई दिवसभर दुकानात व्हीलचेअरवर बसून वह्या तपासत होत्या. मधूनच एखाद्या मुलाचं उत्तर वाचून दाखवायच्या. "मामा, हा लिहितो, वीज ही तारेच्या पोकळीतून वाहते. तुमच्या तारा पोकळ असतात का?" मी म्हणालो, पोकळ असत्या तर वजन कमी झालं असतं. त्या मनापासून हसल्या. मला वाटतं, दिवसभरात आम्ही त्यांच्या पायांबद्दल चकार शब्द बोललो नाही.

संध्याकाळी काम झालं. मी बटण दाबलं, पाच मिनिटं थांबलो आणि म्हणालो, "ताई, बघा बरं कसं वाटतंय." त्यांनी व्हीलचेअर दाराशी आणली, वाकून सीटवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "छान. एकदम छान." मीही शेजारी तळहात ठेवून बघितला. मग हाताच्या जोरावर अंग उचलून, सीटच्या कडेवरून सरकत त्या आत बसल्या आणि गेल्या.

त्या तळहाताचा अर्थ मला दीड महिन्यानं कळला. बसून त्यांना काही कळणार नव्हतं, म्हणून त्यांनी हातानं बघितलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर हे झालं आणि मी ते बघितलंच नाही.

संक्रांतीच्या आसपास त्यांचा भाऊ दुकानात आला. पस्तिशीचा, बँकेत नोकरीला असलेला शांत माणूस. म्हणाला, "ताई दवाखान्यात आहे. गाडी बाहेर उभी केलीय. तुम्ही बसवलेलं सगळं काढून टाका." मी विचारलं, गाडीनं पेट घेतला का? सीट जळली का?

तो म्हणाला, "सीट नाही जळली. ताई जळली."

त्यानं किल्ली टेबलावर ठेवली आणि तो रिक्षा करून गेला.

मी सीट उघडली. कव्हरला डाग नव्हता. फोम जसाच्या तसा. वायर, बटण, सगळं ठीक. फक्त दाराकडच्या, उजव्या मागच्या कोपऱ्यात कापडाला तळहाताएवढी घडी पडली होती. ताई रोज दोनदा-चारदा त्या कडेवरून सरकत आत-बाहेर करायच्या. आपल्यासारखं माणूस पायावर भार देऊन बसतं, त्या घसरत बसायच्या. त्या घसरण्यानं कापड महिनाभर थोडं थोडं सरकत गेलं आणि दुमडलं. तसं बसणाऱ्या माणसासाठी कापडाची कडा शिवून पक्की करायला हवी होती. सुनंदा असती तर तिनं ती शिवली असती.

मी बटण लावून त्या घडीवर हात ठेवला. पहिली दोन मिनिटं बरं वाटलं. पाच मिनिटांनी हात मी न सांगता उचलला गेला. पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला गेला. कुणाचाही उचलला जाईल. माणूस बसल्या जागी चुळबुळ करील, बटण बंद करील आणि दुसऱ्या दिवशी येऊन मला शिव्या देईल. ताई त्याच घडीवर पाऊण तास जात होत्या, पाऊण तास येत होत्या आणि त्यांना काही कळत नव्हतं. अंघोळीच्या वेळी आईला दिसलं, तोवर जखम खोल गेली होती, हे मला पुढं कळलं.

सगळं काढलं, गाडी भावाच्या घरी नेऊन दिली. दवाखान्यात मात्र गेलो नाही. रोज उद्या जाऊ म्हणत होतो. केस होईल का, पेपरात येईल का, असले विचार मनात येत होते. हे लिहायला बरं वाटत नाही, पण येत होते. सुनंदाला मी सांगितलं होतं ते अर्धंच, की कापड सरकलं आणि भाजलं. एक दिवस ती मशीनवर काम करता करता थांबली आणि तिनं विचारलं, "अहो, त्यांना खाली काही कळतं का, हे तुम्ही विचारलं होतं का?"

"न्हाई."

"का?"

मी म्हणालो, कसं विचारायचं? बाई माणूस, त्यात अशी. त्यांना वाईट वाटलं असतं. सुनंदानं मशीनवर झाकण घातलं, साडी बदलली आणि म्हणाली, चला.

तोवर ताईंना घरी आणलं होतं. पलंगावर पालथ्या झोपलेल्या होत्या, छातीखाली उशी. डॉक्टरांनी दोन-अडीच महिने बसायचं नाही म्हणून सांगितलं होतं. त्यांच्या आईनं दार उघडलं, आमच्याकडं बघितलं आणि काही न बोलता आत गेली. थोड्या वेळानं तिनं चहा आणून ठेवला.

माफी कशी मागायची ते मी वाटेत ठरवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. चुकलं, एवढंच म्हणालो. ताईंनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्यांचा राग मला स्पष्ट दिसत होता.

"तुमचं चुकलंच," त्या म्हणाल्या. "पण मी विज्ञान शिकवते, मामा. चटका लागला की हात मागं का येतो, हे मी दर वर्षी सातवीला शिकवते. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही."

मी म्हणालो, ताई, विचारायचं काम माझं होतं.

त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलं नाही, ते मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. जिथं जावं तिथं लोक आधी तेच विचारतात. कसं झालं, कधी झालं, काही कळतं का. तुम्ही तारांचं बोलत होतात. मी दिवसभर नुसती गिऱ्हाईक होते." त्यांनी मान परत दुसरीकडं वळवली. "म्हणून मीही सांगितलं नाही."

मला आजवर गिऱ्हाइकांनी पुष्कळ सुनावलं आहे. त्यातलं बरंच विसरलो. हे विसरता येत नाही, कारण यात मला कुठं दोष घ्यायचा आणि कुठं नाही हेच कळत नाही. त्यांचा मान ठेवायचा म्हणून मी गप्प राहिलो आणि त्या गप्प राहण्यानंच घात केला.

त्यानंतर सुनंदा आठवड्यातनं दोनदा त्यांच्याकडं जायला लागली. ड्रेसिंगला आईला मदत करायची. तिसऱ्या आठवड्यात आई हिच्याशी बोलायला लागली, माझ्याशी बोलायला उन्हाळा उजाडला. शाळेत ताईंच्या जागी दुसऱ्या मॅडम आल्या. तेच ताईंना जखमेपेक्षा जास्त लागलं होतं. पाठ्यपुस्तक कुठवर आलं, हे त्या पालथ्या पडून फोनवर विचारायच्या.

पुन्हा थंडी आली. ताई तोवर बऱ्या होऊन शाळेत जायला लागल्या होत्या. एक दिवस गाडी दुकानासमोर थांबली, हॉर्न वाजला. मी धावत गेलो. त्या म्हणाल्या, "मामा, सीट पुन्हा बसवायची."

मी नाही म्हणालो. हे काम मी तेव्हा बंदच केलं होतं. गरम सीट म्हणून कुणी आलं की औरंगाबादला जा, पुण्याला जा, म्हणून सांगायचो. त्यांनी ऐकून घेतलं आणि आपलं म्हणणं समजावून सांगितलं, वर्गात फळ्यासमोर सांगावं तसं. बसायच्या जागेला काही लावायचं नाही. पायाला शाल पुरते. पण दांडा ओढून-ढकलून त्यांचे खांदे आणि पाठ थंडीत भरून यायची. पाठीला वरच्या भागात त्यांना सगळं कळतं. तिथं, फक्त तिथंच, लावायचं.

"कुठवर कळतं?" मी विचारलं. तोंडातून शब्द निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी विचारलं.

"ते बघावं लागेल," त्या म्हणाल्या. "मी स्वतः कधी नीट बघितलं नाही."

ते सुनंदानं बघितलं. ताईंच्या घरी आतल्या खोलीत दोघी होत्या, मधे पडदा. मी बाहेर त्यांच्या आईसमोर खुर्चीवर. कापड बेतायचा खडू सुनंदाच्या हातात होता. ताईंनी डोळे मिटले होते, असं तिनं नंतर सांगितलं. सुनंदा पाठीवर वरून खाली बोट टेकवत येत होती आणि आम्हाला बाहेर फक्त ताईंचा आवाज येत होता.

"कळलं."

"कळलं."

"कळलं."

मग जरा वेळ काही नाही. मग, "सुनंदाकाकू, टेकवलंत का?"

"टेकवलं, बाई."

"न्हाई कळलं."

आईनं पदर तोंडाला लावला. मी जमिनीकडं बघत राहिलो. आत सुनंदा पुन्हा वरून सुरुवात करत होती, डावीकडं, मग उजवीकडं, मग मधे. तीन वेळा केलं आणि जिथं कळायचं थांबलं तिथं ब्लाउजवर खडूनं रेघ मारली. दोन्ही बाजूंना रेघ सारखी नव्हती, उजवीकडं दोन बोटं वर होती. खडूची ती रेघ तिनं ब्लाउजवरून कागदावर घेतली. त्या कागदावरून मी सीटच्या पाठीवर माप घेतलं आणि रेघेच्याही चार बोटं वर कापड थांबवलं. सुनंदानं त्याच्या चारी कडा फोमला शिवल्या. बटणाला एकच पायरी ठेवली, कमीची. दहा मिनिटं झाली की आपोआप बंद होईल, असं घड्याळ मधे घातलं. पुन्हा हवं असेल तर पुन्हा दाबायचं. त्या आठवड्यात मी स्वतः त्या सीटवर उघड्या पाठीनं बसून बघितलं, रोज तासभर. शेजारचे दुकानदार काय म्हणाले ते लिहीत नाही.

तेव्हापासून मी काम पुन्हा सुरू केलं, पण आता आधी विचारतो. शुगर आहे का, पायाला मुंग्या येतात का, कुठं बधिर आहे का. काही लोक चिडतात. कंधारकडचे एक मोठे शेतकरी चिडले, म्हणाले, "मी गॅरेजात आलो का दवाखान्यात?" मी त्यांना बूट-मोजे काढायला लावले, डोळे मिटायला लावले आणि तारेच्या टोकानं पायाच्या बोटांना हळूच टोचलं. टोचलं की सांगा, म्हणालो. ते डोळे मिटून वाट बघत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "हं, टोचा की." माझं चार वेळा टोचून झालं होतं. त्यांनी डोळे उघडले, माझ्या हातातल्या तारेकडं बघितलं आणि मुकाट्यानं मोजे चढवले. सीट त्यांनी करून घेतली नाही. त्या आठवड्यात डॉक्टरांना पाय दाखवला, असं फोन करून सांगितलं. अशी दोन-चार गिऱ्हाइकं माझी गेली आहेत.

ताईंची गाडी तयार झाली तेव्हा पहिल्या दिवशी मी सोबत येतो म्हणालो. मला त्यांना एकटं सोडवेना. त्या म्हणाल्या, या, पण परत यायला मी संध्याकाळीच मोकळी होईन. सकाळी निघालो. मी दर पाच मिनिटांनी विचारत होतो, ताई, जास्त तर होत नाही ना? तिसऱ्यांदा विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मामा, आता बास." मग शाळा येईपर्यंत मी रस्ता बघत बसलो.

मी व्हरांड्यात बसणार होतो, पण त्यांनी मला सातवीच्या वर्गात नेलं. मुलांना म्हणाल्या, हे मामा तारांचं काम करतात, आज ते शिकवतील. मी उभ्या आयुष्यात कधी वर्गापुढं उभा राहिलो नव्हतो. नशिबानं पिशवीत बॅटरी, बल्ब आणि त्या काळ्या कापडाचा तुकडा होता. करंट कसा जातो, तार का तापते, ते दाखवलं. मुलं पुढं येऊन कापडाला हात लावून गेली. मग मी त्यांना फ्यूज दाखवला. काचेच्या नळीत बारीक तार, करंट जास्त झाला की ती स्वतः जळते आणि बाकीचं वाचवते. हे सांगताना मला जरा रंग चढला होता.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, लाल रिबिनी. म्हणाली, "मामा, मग मॅडम भाजल्या तवा फ्यूज का न्हाई उडाला?"

शेजारच्या मुलीनं तिचा फ्रॉक ओढला. मी ताईंकडं बघितलं. त्या माझ्याकडंच बघत होत्या आणि त्यांनी मुलीला खाली बस म्हटलं नाही.

मी म्हणालो, "फ्यूजला एवढंच कळतं की तारेतून करंट जास्त चाललाय. त्या दिवशी करंट जास्त नव्हताच. माणूस भाजून राहिलं का, ते फ्यूजला कळत नाही, बाळा. ते बसवणाऱ्यानं आधी विचारायचं असतं. मी विचारलं नव्हतं."

मुलगी विचार करत तशीच उभी राहिली.

"आणि मी सांगितलं नव्हतं," ताई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पुढं घेतली, खडू उचलला आणि फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. 'काम करणाऱ्यानं विचारावं. करून घेणाऱ्यानं सांगावं.' मग वर्गाकडं वळून म्हणाल्या, "लिहून घ्या."

चाळीस पोरांनी वह्या उघडल्या आणि माना खाली घालून लिहून घेतलं.